मॉडिफाइड स्टार्च हलाल आहे का? आधी पोतं बघू

प्रश्न विचारणारा तरुण जुळे सोलापुरात घरामागच्या शेडमध्ये टोमॅटो सॉस आणि शेजवान चटणी बनवतो. साधं कॉर्नफ्लोअर घातलेला सॉस आठ-दहा दिवसांत पाणी सोडायचा, म्हणून डीलरच्या सांगण्यावरून त्याने मॉडिफाइड स्टार्च वापरायला घेतला आणि लेबलवर ‘थिकनर (१४२२)’ असं रीतसर छापलं. रमजानच्या तोंडावर विजापूर वेशीतला एक दुकानदार दहा पेट्या घ्यायला तयार झाला होता. त्याने बाटली फिरवून आकडा वाचला आणि विचारलं, “भाई, ये हलाल है क्या?” तरुणाने मोबाइलवर शोधलं, तर एका यादीत १४२२ हलाल, दुसरीत हराम आणि तिसरीत ‘मुश्बूह’, म्हणजे संशयास्पद. तो लिहितो, “मी हिंदू आहे, मला यातलं काही कळत नाही. खोटं सांगून माल खपवायचा नाही, पण उगाच गिऱ्हाईकही घालवायचं नाही. नेमकं काय सांगू?”

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. १४२२ हा स्टार्च मका किंवा टॅपिओकासारख्या वनस्पतीपासून बनतो आणि तो बनवताना जनावराचं काहीही लागत नाही. माझ्या पाहण्यातल्या हलाल तपासण्यांमध्ये या आकड्यावर कधी कुणी अडलेलं नाही. पण दुकानदाराने तुम्हाला स्टार्चबद्दल विचारलं असलं तरी त्याला उत्तर बाटलीचं हवंय. आणि तुमच्या बाटलीत स्टार्च हा सगळ्यात निरुपद्रवी गडी आहे. खरा विचार करायचाय तो दुसऱ्याच दोन-तीन गोष्टींचा. त्यावर शेवटी येतो.

माझं सांगायचं तर सॉस, सूप, मसाल्यांच्या कारखान्यांत क्वालिटीच्या खात्यात सव्वीस वर्षं गेली. हलाल तपासणीला येणाऱ्या मंडळींसमोर फायली घेऊन मीच बसायचो. नमाजी माणूस आहे, पण मुफ्ती नाही. एखादा पदार्थ कशापासून, कसा आणि कुठे बनतो ते मी सांगू शकतो. त्यावर हुकूम काय, हे आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतील. ही रेघ मी आयुष्यभर पाळली, इथेही पाळणार आहे.

आता हा संशय येतो कुठून, ते बघा. आपल्या सोलापुरात त्याला एक जुनं कारण आहे आणि ते मी घरातच पाहिलंय. माझे अब्बा पूर्व भागात एका सायझिंगमध्ये कामाला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यंत्रमागावर ताण्याचं सूत चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर मागाच्या झटक्यांनी ते तटातट तुटतं. खळ म्हणजे शिजवलेला स्टार्च. मोठ्या टाकीत वाफ सोडून मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च शिजवायचा, त्यातून सूत काढायचं, तापलेल्या सिलिंडरवर वाळवायचं आणि बीमवर गुंडाळायचं. पण नुसत्या स्टार्चने सूत काठीसारखं ताठ होतं. म्हणून मऊपणासाठी खळीत चरबी टाकत. पत्र्याच्या डब्यातून यायची, पिवळट-पांढरी, थंडीत दगडासारखी घट्ट. अब्बा ती खुरप्याने कापून टाकीत सोडायचे. कुणी ती बकऱ्याची म्हणे, कुणी आणखी कशाची. डब्यावर काही लिहिलेलं नसायचं. त्यामुळे अब्बा घरी आले की आधी हात राखेने घासायचे, लुंगी बदलायचे आणि मगच नमाजला उभे राहायचे. स्टार्च म्हटलं की चरबी आलीच, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी फूडच्या कारखान्यात लागल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, “तुमच्या स्टार्चात चरबी कुणाची असते?”

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पत्ता चुकला होता. चरबी स्टार्चात नव्हती, स्टार्चसोबत होती. तुमच्या सॉसच्या बाबतीत हा फरक धरून ठेवलात तर अर्धं काम झालं.

दुसरं कारण नव्या जमान्यातलं. ‘ज्या पाकिटावर ई-कोड आहे त्यात डुकराची चरबी’ असा मेसेज दरवर्षी रमजानला व्हॉट्सअॅपवर फिरतो. खाली पन्नास-साठ आकड्यांची यादी असते. पण आकडा हा त्या पदार्थाचा फक्त हजेरी क्रमांक आहे. युरोपात त्याच्या आधी ‘ई’ लावतात, आपल्याकडे ‘आयएनएस’. पदार्थ कोणता, एवढंच तो सांगतो. कशापासून केला ते सांगत नाही. काही आकड्यांत तो गाळलेला भाग महत्त्वाचा असतो. उदाहरणार्थ ४७१, म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड. ते पामतेलापासूनही होतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. १२० हा लाल रंग तर किड्यापासूनच काढतात. १४०० ते १४५१ या पट्ट्यातल्या स्टार्चांचं तसं नाही. मुळात स्टार्च ही चीज जनावराच्या अंगात नसतेच. जनावर साखर साठवतं ती ग्लायकोजेनच्या रूपात. त्यामुळे ‘डुकराचा स्टार्च’ असं काही बनवायचं म्हटलं तरी बनणार नाही.

तिसरं कारण निव्वळ शब्दाचं आहे. काही पाकिटांवर ‘प्री-जिलेटिनाइज्ड स्टार्च’ असं छापलेलं असतं. लोक ‘जिलेटिन’ वाचतात आणि पाकीट खाली ठेवतात. जिलेटिन हाडं-कातड्यापासून होतं, त्याबद्दलची शंका रास्तच. पण स्टार्च जिलेटिनाइज होणं म्हणजे गरम पाण्यात त्याचे कण फुगून खळ होणं, बस. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगतो. आई ज्वारीच्या पिठाची आंबील ढवळत असते आणि पातळ पाणी एकदम डावाला जड लागायला लागतं ना, तोच तो क्षण. प्री-जिलेटिनाइज्ड म्हणजे कारखान्यात आधीच शिजवून वाळवलेला, गार पाण्यातही घट्ट होणारा स्टार्च. जिलेटिनशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

आता ‘मॉडिफाइड’ म्हणजे काय करतात ते. आंबीलच घ्या. सकाळची आंबील दुपारी थिजते आणि वर पाणी सुटतं. स्टार्चच्या लांब साखळ्या गार झाल्या की एकमेकींना चिकटून घट्ट बसतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. तुमच्या सॉसने पाणी सोडलं ते याच कारणाने. त्यात टोमॅटो आणि व्हिनेगरची आंबट चव. आम्लात शिजवलं की साध्या स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि घट्टपणा पातळ होत जातो. यावर उपाय दोन. साखळ्यांमध्ये अधूनमधून टाके घालायचे, म्हणजे आम्लात आणि उकळीत कण फुटत नाही. आणि साखळ्यांवर छोटे अडसर लावायचे, म्हणजे गार झाल्यावर त्या एकमेकींना चिकटत नाहीत. १४२२ मध्ये दोन्ही आहेत. टाके अॅडिपेटचे, अडसर अॅसिटिलचे. त्याचं पूर्ण नाव अॅसिटिलेटेड डायस्टार्च अॅडिपेट.

प्रत्यक्षात करतात असं. मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, भरडतात, अंकुर आणि साल वेगळी करतात, प्रथिनं वेगळी काढतात आणि पांढराशुभ्र स्टार्च उरतो. तो पाण्यात कालवून, पाणी जरा अल्कली करून, त्यात अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि अॅडिपिक अॅसिडचं मिश्रण थोडं थोडं सोडतात. मग आम्ल घालून प्रक्रिया थांबवतात, धुतात, वाळवतात, पोत्यात भरतात. या सगळ्या वाटेवर जनावर कुठे भेटतं? कुठेच नाही. अॅडिपिक अॅसिड पेट्रोलियमपासून येतं. १४४२ मध्ये लागणारा प्रोपिलीन ऑक्साइड पेट्रोलियमचाच. फॉस्फेटवाल्या स्टार्चांना लागणारी रसायनं खाणीतल्या फॉस्फेट दगडापासून निघतात. ‘फॉस्फेट म्हणजे हाडं’ हा समजही कधीकधी ऐकू येतो. हाडांचा कॅल्शियम फॉस्फेट असतो हे खरं, पण स्टार्चच्या कारखान्यात ते वापरत नाहीत.

प्रमाणही लक्षात घ्या. मानकाप्रमाणे १४२२ मध्ये अॅसिटिल गट जास्तीत जास्त २.५ टक्के आणि अॅडिपेट ०.१३५ टक्के असू शकतो. तुमच्या सॉसमध्ये तीन टक्के स्टार्च धरला, तर शंभर ग्रॅम सॉसमध्ये अॅसिटिल फार तर ७५ मिलिग्रॅम आणि अॅडिपेट चार मिलिग्रॅम. पण ही आकडेमोड दुकानदाराला ऐकवू नका. ‘थोडंसंच आहे’ हे हलालच्या बाबतीत उत्तर होत नाही. नापाक वस्तू चिमूटभर असली तरी नकोच असते. आकडे दिले ते नेमकं काय कुठे आहे हे तुम्हाला कळावं म्हणून.

इथे एक मजेशीर गाठ आहे. ती बाहेर फारशी कुणी काढत नाही, पण आपल्या जिल्ह्यात बसून मला ती टाळता येत नाही. अॅसेटिक अॅनहायड्राइड बनतं अॅसेटिक अॅसिडपासून. आणि आपल्या देशात अॅसेटिक अॅसिड बनवायची एक जुनी वाट मळीतून जाते. उसाची मळी, मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड, त्याचं अॅसेटिक अॅसिड. दुसरी वाट मेथॅनॉलची, तिचा उसाशी संबंध नाही. म्हणजे तुमच्या स्टार्चवरचा तो टिकलीएवढा अॅसिटिल गट कधी काळी एखाद्या डिस्टिलरीतून गेलेला असू शकतो. मग हराम झाला का?

मी एकदा हा प्रश्न मुद्दाम तपासणीला आलेल्या मौलानांपुढे ठेवला होता. ते हसले आणि म्हणाले, “सिरका खाते हो ना?” सिरका म्हणजे व्हिनेगर. दारू आंबून सिरका झाला की वस्तूच बदलते, नशा जाते, गुण बदलतो, हुकूम बदलतो. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शास्त्रात, याला इस्तिहाला म्हणतात. सिरका हे किती चांगलं तोंडीलावणं, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. हनफी आणि शाफई ही इस्लामी कायद्याची दोन मतं. हनफी मतात दारूचा सिरका मुद्दाम केला तरी चालतो. शाफई मतात आपोआप झाला तर चालतो, काही घालून केला तर नाही. आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी आणि कोकणात शाफई, म्हणून सोलापुरात आणि रत्नागिरीत एकाच प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं तर गोंधळू नका. शिवाय मळीचं औद्योगिक अल्कोहोल आणि द्राक्ष-खजुराची दारू यांतही आलिम फरक करतात. हे सगळं त्यांच्यावर सोडू. मी पाहिलेल्या सर्टिफिकेट देणाऱ्या मंडळींपैकी कुणी या कारणावरून १४२२ नाकारलेला नाही, एवढं मात्र सांगतो.

स्टार्चच्या कुळात मला दोनच ठिकाणी कागद मागावासा वाटतो. पहिलं १४०५, एन्झाइमने केलेला स्टार्च. यात अमायलेज लागतं. आज ते सहसा जिवाणूंपासून, बॅसिलसच्या जातींपासून काढतात. कपड्यातली खळ काढायला आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये वापरतात तीच ही जात. पण एके काळी जनावरांच्या स्वादुपिंडातूनही अमायलेज काढत, म्हणून ‘मायक्रोबियल आहे’ एवढं एका ओळीत लिहून घ्यायला काय हरकत आहे? दुसरं १४५०. हा तेल आणि पाणी बांधून ठेवतो, म्हणून फ्लेवरच्या पावडरी बनवायला वापरतात. स्टार्च स्वच्छ असतो, पण तो पोटात कुणाचा फ्लेवर घेऊन आलाय हे विचारावं लागतं. पुन्हा तेच बघा, स्टार्चपेक्षा त्याची सोबत. बाकी १४०४, १४१२, १४१४, १४२०, १४४२ यांत मला वेगळं सांगण्यासारखं काही दिसत नाही.

आता पोत्याकडे येऊ. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून थोडं थांबतो.

सोलापुरात स्टार्चचा डीलर दोन्हीकडे माल देतो. सकाळी सायझिंगला, दुपारी फरसाण आणि सॉसवाल्याला. गोडाऊन एकच, पोती सारखीच, पन्नास किंवा पंचवीस किलोची, पांढरी. एका वर्षी दिवाळीच्या गर्दीत आमच्या कारखान्यात आलेल्या गाडीतली सहा पोती मी नेहमीप्रमाणे सुईने टोचून नमुना काढला. चार पोत्यांचा स्टार्च बोटांत दाबला की करकर वाजत होता, जसा वाजायला हवा. दोन पोत्यांतला जरा पिवळसर, आणि पाण्यात शिजवला तर भलताच पातळ. शिलाईत अडकलेली चिठ्ठी वाचली. कापडउद्योगासाठीचा ऑक्सिडाइज्ड स्टार्च होता. डीलरला फोन केला तर म्हणाला, “साहेब, स्टार्चच आहे की, मक्याचाच आहे, काय फरक पडतो?” फरक असा पडतो की कापडाच्या मालात बुरशी लागू नये म्हणून काय घातलंय, तो कुठल्या टाकीत बनलाय, धुतलाय का, याची जबाबदारी खाण्याच्या मानकाने कुणी घेतलेली नसते. डुकराचा पत्ता नाही, दारूचा नाही, तरी तो माल मी हलाल म्हणून पुढे जाऊ दिला नसता. कुराणात सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत नुसतं हलाल म्हटलेलं नाही, ‘हलालन तय्यिबन’ म्हटलंय. हलालही आणि स्वच्छ, चांगलंही. ती दोन पोती परत गेली, आणि त्या दिवसापासून चिठ्ठी वाचल्याशिवाय एकही पोतं उघडायचं नाही असा नियम मी केला.

तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाची अडचण याहून मोठी आहे. तुम्ही पंचवीस किलोचं पोतंसुद्धा घेत नसाल. डीलर त्यातून पाच किलो काढून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतो आणि पिशवीवर बॉलपेनने ‘मॉ. स्टार्च’ लिहितो. त्या क्षणी साखळी तुटली. त्या स्टार्चला आता ना कंपनी, ना बॅच नंबर. मूळ कारखान्याकडे हलालचं सर्टिफिकेट असेल तरी ते त्या पिशवीचं राहत नाही. आणि गंमत म्हणजे स्टार्चचे मोठे कारखाने आखाती देशांत, मलेशिया-इंडोनेशियात माल पाठवतात, म्हणून त्यांच्याकडे हलाल आणि कोशर (ज्यू धर्माच्या नियमाचा) दोन्ही कागद बहुधा तयारच असतात. फक्त मागायला कुणी जात नाही.

म्हणून असं करा. पूर्ण सीलबंद पोतं घ्या, स्टार्च वर्षभर टिकतो. जमत नसेल तर दोघा-तिघांत वाटून घ्या, पण पोतं तुमच्यासमोर उघडू द्या आणि चिठ्ठीचा फोटो काढा. डीलरकडून त्या स्टार्चचं स्पेसिफिकेशन मागा. त्यात मूळ वनस्पती आणि आयएनएस नंबर लिहिलेला असतो. हलाल सर्टिफिकेट मागा आणि आलं की तीन गोष्टी ताडून बघा. पोत्यावरचं उत्पादनाचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव अक्षरशः तेच आहे का, कारखान्याचा पत्ता तोच आहे का, आणि मुदत संपलीय का. एकाच कंपनीचे दोन राज्यांत दोन कारखाने असतात आणि सर्टिफिकेट एकाचंच असतं. माझ्या फाइलमध्ये असं सर्टिफिकेट दोन वर्षं बसून होतं. तपासणीवाल्याने पत्त्यावर बोट ठेवलं तेव्हा मी खाली बघत होतो.

तुमच्या बाटलीवर हिरवा ठिपका असेलच. तो अर्धं काम करतो, पण अर्धंच. आपल्या नियमाप्रमाणे दूध, मध अशा थोड्या गोष्टी सोडल्या तर जनावरापासून आलेलं काहीही घातलं की हिरवा ठिपका लावता येत नाही. म्हणजे जिलेटिन, चरबी, १२० हा लाल रंग हे प्रश्न ठिपक्याने बाद होतात. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर सांगितलं की जनावरी घटक अगदी किंचित असला तरी पदार्थ मांसाहारीच, आणि नुसता कोड छापून भागणार नाही, तो वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून हेही कळलं पाहिजे. पण ठिपका अल्कोहोलबद्दल काहीच बोलत नाही. शुद्ध शाकाहारी बाटलीतही अल्कोहोल असू शकतं. उलट हलाल मटणावर हिरवा ठिपका कधीच येणार नाही. दोन्ही वर्तुळं एकमेकांवर थोडी चढलेली आहेत, एक नाहीत.

आणि आता तुमची शेजवान चटणी. तुम्ही लेबलवरचे घटक लिहून पाठवलेत ते बरं केलंत. मी ते वाचताना १४२२ वर थांबलोच नाही, ‘सोया सॉस’वर थांबलो.

पारंपरिक पद्धतीने आंबवलेल्या सोया सॉसमध्ये आंबताना आपसूक अल्कोहोल तयार होतं, दोन टक्क्यांच्या आसपासही असू शकतं. काही परदेशी बाटल्यांत टिकण्यासाठी वरून अल्कोहोल घातलेलं असतं आणि ते लेबलवर लिहिलेलंही असतं. याउलट चायनीजच्या गाड्यांवर दिसणारे काही स्वस्त सोया सॉस आंबवलेलेच नसतात. सोयाची प्रथिनं आम्लाने फोडून, त्यात कॅरॅमल रंग आणि मीठ घालून केलेले असतात. चवीला ते डावे, पण अल्कोहोलचा प्रश्न त्यांत उठत नाही. आपसूक तयार झालेल्या, नशा न आणणाऱ्या अंशाबद्दल आलिमांत सवलतीची मतं आहेत, वरून घातलेल्याबद्दल बहुतेक कडक आहेत. तेव्हा तुमचा सोया सॉस यांतला कोणता, हे आधी ठरलं पाहिजे.

व्हिनेगरचं सोपं आहे. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलं असेल तर ते पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड आहे, आणि आंबवलेलं असेल तर सिरका. दोन्हीकडे हनफी दुकानदाराला अडचण येऊ नये. राहिला ‘कृत्रिम फ्लेवर’. तुम्ही लसणाचा फ्लेवर घालता असं लिहिलंय. पातळ फ्लेवर कशात तरी विरघळवलेला असतो. कधी तेलात, कधी प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये, कधी अल्कोहोलमध्ये. कंपनीला ईमेल करून विचारा, माध्यम काय आहे? चांगल्या कंपन्या दोन दिवसांत लेखी उत्तर देतात. जी देत नाही तिचा फ्लेवर सोडा, लसूण सोलून घाला. मंगळवार पेठेतून किलोभर जास्त आणलात तर खर्चात फार फरक पडणार नाही आणि चटणी सुधारेल, हे माझं खासगी मत.

चव वाढवणारा ६३१ तुमच्या यादीत नाही, बरं आहे. पुढे कुणी सुचवला तर विचारून घ्या, कारण तो मांस-मासळीपासूनही होतो आणि टॅपिओका आंबवूनही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला विचारावी लागेल. त्याच शेडमध्ये, त्याच मिक्सरमध्ये आणखी काय बनतं? ऑर्डरवर कुणासाठी चिकन मसाला किंवा सूपची पावडर करून देता का? केली तर भांडी कशी धुता? तपासणीवाले घटकांच्या यादीवर जेवढा वेळ घालवतात त्याच्या दुप्पट वेळ भांड्यांवर घालवतात.

आता दुकानदाराला काय सांगायचं. ‘हलाल आहे’ असं छातीठोक सांगू नका, तो हुकूम झाला, तुमचा अधिकार नाही. बाटलीवर हलालचा शिक्का तर सर्टिफिकेट नसताना चुकूनही छापू नका. ‘नाही माहीत’ म्हणूनही हात झटकू नका. तुमच्या लेटरहेडवर एक कागद करा. प्रत्येक घटक, तो कोणत्या कंपनीचा, कशापासून बनलेला, त्यात जनावराचं किंवा वरून घातलेलं अल्कोहोल आहे का, आणि ज्यांची हलाल सर्टिफिकेटं मिळाली त्यांच्या प्रती सोबत. खाली तुमची सही आणि तारीख. स्टार्चच्या ओळीत असं लिहा: ‘मॉडिफाइड स्टार्च, आयएनएस १४२२, मक्यापासून, सीलबंद पोत्यातून, बॅच नंबर अमुक’. पोतं टॅपिओकाचं निघालं तर टॅपिओका लिहा, मका लिहू नका. तो कागद दुकानदार त्याच्या मशिदीच्या इमामसाहेबांना दाखवेल आणि निर्णय ते दोघं घेतील. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, मधल्या शंकेच्या गोष्टींपासून जपावं, अशी हदीस आहे. तुमच्या कागदाने मधली जागा जेवढी आकसेल तेवढं त्यांचं काम सोपं.

माझा अंदाज विचाराल तर, सोया सॉस आंबवलेला नसेल आणि फ्लेवर तेलातला असेल, तर तो दहा पेट्या घेईल. नुसता टोमॅटो सॉस असेल तर आजच घेईल, त्यात अडण्यासारखं मला काही दिसत नाही.

तेव्हा सोया सॉसच्या बाटलीचं मागचं लेबल आणि फ्लेवरच्या डब्याचा फोटो पाठवा. आणि हो, स्टार्चची ती बॉलपेनची पिशवी आज वापरू नका.